उत्तर बरोबर आलं, पण कशावरून? पदवीचं गणित आणि संख्याशास्त्र समजून घेताना

जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड संपलं, तेव्हा पदक मिळवणाऱ्या मुलांइतकीच चर्चा एका यंत्राची झाली. शालेय विद्यार्थ्यांसाठीची ही जगातली सर्वांत प्रतिष्ठेची गणित स्पर्धा. तिच्या सहा प्रश्नांपैकी पाच प्रश्न गूगल डीपमाइंडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने पूर्ण सोडवले आणि ४२ पैकी ३५ गुण मिळवले. सुवर्णपदकाला तेवढेच गुण लागत होते.

तेव्हापासून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: गणितं यंत्रच सोडवणार असेल, तर पदवीला गणित घेऊन करायचं काय? त्याच घरात दुसरं कोणीतरी सांगत असतं की सध्या डेटाचे दिवस आहेत, डोळे झाकून संख्याशास्त्र घे. पहिल्याच्या बोलण्यात भीती आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात आशा, पण दोघांचा गैरसमज एकच आहे. या पदवीत गणितं सोडवायला शिकवतात, फक्त ती शाळेतल्यापेक्षा अवघड असतात, असं दोघांनाही वाटतं. तिथे खरं काय शिकवतात हे कळल्याशिवाय विषय घ्यावा की घेऊ नये हे ठरवता येणार नाही, म्हणून आधी ते पाहू.

## शाळेतलं गणित आणि इथलं गणित

शाळेत रीत शिकवलेली असते, त्या रीतीने सुटणारा प्रश्न दिलेला असतो आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं. विद्यापीठात पहिल्या काही आठवड्यांतच प्रश्नपत्रिकेतलं 'काढा' जाऊन 'सिद्ध करा' येतं. उत्तर काय आहे हे कित्येकदा प्रश्नातच सांगितलेलं असतं. ते तसंच का, हे तुम्ही सांगायचं असतं.

याची गरज काय, हे एका उदाहरणात दिसतं. कोणतीही पूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. १ घेतला तर ४३ येतात, २ घेतले तर ४७, ३ घेतले तर ५३, ४ घेतले तर ६१. या सगळ्या मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि स्वतः सोडून त्यांना कशानेच नि:शेष भाग जात नाही. पुढे जात राहा. दहा घ्या, वीस घ्या, तीस घ्या, दर वेळी मूळ संख्याच येते. ३९ घेतले तर १६०१ येतात, तीही मूळ. सलग एकोणचाळीस वेळा जे घडलं ते नेहमीच घडणार, असं कोणालाही वाटेल. ४० घेतले की १६८१ येतात, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. नियम तिथेच मोडला.

गणिताच्या इतिहासात यापेक्षा मोठे धक्के बसले आहेत. लिओनार्ड ऑयलर यांनी १७६९ मध्ये एक अंदाज मांडला होता. पाचव्या घातांची बेरीज करून पुन्हा एक पाचवा घातच मिळवायचा असेल, तर किमान पाच संख्या लागतील, चारांत भागणार नाही, असं ते म्हणत होते. हा अंदाज जवळपास दोनशे वर्षं टिकला. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकाच्या मदतीने चार संख्या शोधल्या: २७, ८४, ११० आणि १३३. त्यांच्या पाचव्या घातांची बेरीज बरोबर १४४ च्या पाचव्या घाताएवढी येते.

म्हणून गणितात उदाहरणांच्या राशीला पुरावा मानत नाहीत. तिथे लागते ती सिद्धता. जे आधी मान्य केलं आहे तिथून निघायचं आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून अटळपणे निघते हे दाखवत निष्कर्षापर्यंत यायचं, याला सिद्धता म्हणतात. गणिताच्या पदवीचा बहुतेक वेळ सिद्धता वाचण्यात, लिहिण्यात आणि त्यातली भोकं शोधण्यात जातो.

## पहिल्या वर्षी अडतं कुठे?

बहुतेकांचं अडतं ते रिअल ॲनालिसिसपाशी. हा विषय म्हणजे शाळेत शिकलेल्या कलनाचा, म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनचा, पाया. विद्यार्थ्यांची तक्रार रास्त असते: जे आम्हाला झोपेतही करता येतं, ते पुन्हा का शिकवताय?

ही तक्रार समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. अनंत पदांच्या बेरजा चौदाव्या शतकात केरळच्या माधवांना माहीत होत्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूटन आणि लायब्निझ यांनी कलन उभं केलं आणि त्यातून ग्रहांच्या गतीपर्यंत सगळी उत्तरं बरोबर येऊ लागली. पण १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या बिशपने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: ही तुमची अतिसूक्ष्म राशी एका पायरीत शून्य नसते म्हणून तुम्ही तिने भागता, आणि पुढच्या पायरीत तीच शून्य धरून सोडून देता. हे चालतं कसं? समाधानकारक उत्तर यायला शंभर वर्षांच्या आसपास काळ गेला. कोशी यांनी १८२१ च्या सुमारास आणि त्यानंतर वायरस्ट्रास यांनी 'लिमिट' या कल्पनेची काटेकोर व्याख्या केली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची झोप उडवणारी 'एप्सिलॉन-डेल्टा'ची भाषा तिथून आली.

ही भाषा दिसते तेवढी परकी नाही. १, १/२, १/३, १/४ अशा संख्या घ्या. या शून्याकडे जातात असं आपण सहज म्हणतो. पण 'कडे जातात' म्हणजे काय, जेव्हा त्यांतली एकही संख्या शून्य नाही? याचं उत्तर आव्हानाच्या रूपात दिलं आहे. तुम्ही हवा तेवढा लहान फरक सांगायचा, आणि मी अशी जागा दाखवायची की तिच्यापुढची प्रत्येक संख्या शून्यापासून त्याहून कमी अंतरावर असेल. तुम्ही ०.००१ म्हणालात, तर हजाराव्या पदापुढे बघा असं मी सांगेन. तुम्ही ०.०००००१ म्हणालात, तर मी दहा लाखाव्या पदापुढे नेईन. तुमच्या प्रत्येक आव्हानाला माझ्याकडे जागा असेल, तर लिमिट शून्य.

यात शब्दांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. 'प्रत्येक फरकासाठी एक जागा सापडते' या वाक्यात तुम्ही आधी बोलता आणि मी नंतर. हेच उलटं करून 'एक जागा अशी आहे की ती प्रत्येक फरकाला पुरते' असं म्हटलं, तर मला आधी बोलावं लागेल. तसं बोलता येण्यासाठी त्या जागेनंतरच्या सगळ्या संख्या शून्यच असाव्या लागतील. शब्द तेच, क्रम बदलला आणि विधान पूर्ण बदललं. पहिल्या वर्षातल्या कित्येक चुका या एवढ्याच क्रमाच्या असतात. माझं ठाम मत आहे की ज्याला हा क्रम एकदा नीट उमगला, त्याचं पहिलं वर्ष निम्मं सर झालं.

एवढ्या काटेकोरपणाने मिळतं काय? १ − १/२ + १/३ − १/४ + … ही कधीही न संपणारी बेरीज घ्या. तिचं उत्तर सुमारे ०.६९३ येतं. आता तीच पदं वेगळ्या क्रमाने मांडू: एक अधिक पद घेतलं की त्यामागे दोन वजा पदं घ्यायची.

१ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + …

एकही पद गाळलेलं नाही, एकही दोनदा घेतलेलं नाही. आता १ − १/२ मिळून १/२ होतात, १/३ − १/६ मिळून १/६ होतात, असं जोडत गेलं की उरतं १/२ − १/४ + १/६ − १/८ + … म्हणजे मूळच्या बेरजेच्या बरोबर निम्मं, सुमारे ०.३४७. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं हे आपण अगदी लहानपणी शिकलो. अनंत पदांच्या बाबतीत ते दर वेळी खरं नसतं. कधी खरं असतं आणि कधी नसतं हे ॲनालिसिस सांगतं. ज्याने हे स्वतःच्या हाताने मांडून पाहिलं, त्याला 'पुन्हा का शिकवताय' हा प्रश्न पडत नाही.

## बाकीचे विषय, थोडक्यात

लिनिअर अल्जेब्रा हा त्यातल्या त्यात लवकर कामी येणारा विषय. अनेक राशी एकाच वेळी हाताळायच्या, त्यासाठी मॅट्रिक्स वापरायची, आणि त्या मॅट्रिक्समागे दडलेलं रूप ओळखायचं. इंटरनेटवरची पानं महत्त्वाच्या क्रमाने लावण्याची गूगलची मूळ पद्धत याच विषयातल्या एका कल्पनेवर उभी होती, आणि पुढे संख्याशास्त्रात तर पावलोपावली हा विषय भेटतो. ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा त्याच्या उलट. त्याचा उपयोग लवकर दिसत नाही, त्याचं सौंदर्य मात्र दिसतं. पाचव्या घाताच्या समीकरणांना सर्वसाधारण सूत्र का नाही, आणि कोणती समीकरणं तरीही सुटतात, हे उलगडणारे गाल्वा १८३२ मध्ये विसाव्या वर्षी गेले. त्यांच्या कल्पनांतून वाढलेलं बीजगणित आज ऑनलाइन व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक पद्धतींच्या मुळाशी आहे. याशिवाय डिफरन्शियल इक्वेशन्स, नंबर थिअरी, न्यूमरिकल मेथड्स असे विषय असतात. कोणते सक्तीचे आणि कोणते ऐच्छिक, हे विद्यापीठागणिक बदलतं.

## मग संख्याशास्त्र कुठे सुरू होतं?

ते सुरू होतं संभाव्यतेपासून, म्हणजे प्रोबॅबिलिटीपासून. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये मोजक्या गृहीतकांवर हा विषय उभा केला, आणि तेव्हापासून संभाव्यता हा गणिताचा रीतसर भाग झाला. तिची गरज मात्र रोजच्या निर्णयांत पडते.

एका आजाराची चाचणी आहे. आजार शंभरात एकाला असतो. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के लोकांना पकडते आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून आजारी ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली. तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. आता दहा हजार माणसं डोळ्यांसमोर आणा. त्यांतले १०० आजारी आणि ९,९०० निरोगी. आजाऱ्यांपैकी ९० जण पॉझिटिव्ह येतील. निरोगी लोकांचे ५ टक्के म्हणजे ४९५ जण, तेही पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ५८५, आणि त्यांत खरोखर आजारी ९०. म्हणजे शक्यता साधारण १५ टक्के. चाचणी वाईट नाही, आजारच विरळा आहे. हे गणित ज्या नियमाने होतं तो थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे आजाराचं प्रमाण आपल्याला दिलेलं होतं. संख्याशास्त्रात ते दिलेलं नसतं. हाती फक्त काही माणसांच्या नोंदी असतात आणि त्यांवरून न पाहिलेल्या सगळ्यांबद्दल बोलायचं असतं. संभाव्यता नियमाकडून नोंदींकडे जाते आणि संख्याशास्त्र नोंदींकडून नियमाकडे मागे येतं. हा परतीचा रस्ता जास्त अवघड आहे, कारण त्यावर पूर्ण खात्री कधीच मिळत नाही. खात्री किती कमी आहे, हे मात्र प्रामाणिकपणे मोजता येतं.

## एवढ्याशा नमुन्यावरून सगळ्यांबद्दल कसं बोलता?

हा आक्षेप प्रत्येक मतचाचणीच्या वेळी ऐकू येतो: एक हजार लोकांना विचारून कोट्यवधींचं मत कसं कळणार? मराठीत याचं उत्तर पूर्वीपासून आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि भांडं मोठं असलं म्हणून जास्त शितं दाबून पाहावी लागत नाहीत. मात्र शीत कुठलंही उचललेलं हवं. नेमका तळाचाच भात घेतला, तर तो कितीही घेतला तरी वरचा कच्चा आहे की नाही ते कळणार नाही.

नमुन्यातली चूक साधारणपणे नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडलेले हजार लोक घेतले, तर टक्केवारीत साधारण ३ टक्क्यांची चूक धरून चालावं लागतं. ती निम्मी करायची तर दुप्पट लोक पुरत नाहीत, चौपट लागतात. समष्टी, म्हणजे ज्या सगळ्यांबद्दल बोलायचं ते लोक, दहा लाख आहेत की दहा कोटी, याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

निवड चुकली तर काय होतं, हे १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसलं. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. जवळपास २४ लाख परत आल्या आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन जिंकणार असं भाकीत केलं गेलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन किंवा मोटार असलेले लोक सर्वसामान्य मतदारासारखे नव्हते. शिवाय ज्यांनी कष्ट घेऊन उत्तर पाठवलं, ते न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते. मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी याच्या कितीतरी पट लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. संख्याशास्त्राच्या पदवीत 'सॅम्पलिंग' हा एक अख्खा विषय असतो, त्याचं कारण हे.

## तीच आकडेवारी, उलटा निष्कर्ष

माझ्या मते संख्याशास्त्र का शिकावं याचं सर्वांत चांगलं उत्तर एका खऱ्या घटनेत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी आणि ४,३२१ महिलांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना प्रवेश मिळाला, महिलांपैकी सुमारे ३५ टक्के. एवढा मोठा फरक योगायोगाने पडत नाही. महिलांवर अन्याय झाला, हा निष्कर्ष समोरच दिसतो.

प्रवेश द्यायचा की नाही हे विभाग ठरवत होते, म्हणून पुढचं पाऊल म्हणजे विभागवार पाहणं. सर्वांत मोठ्या सहा विभागांचे आकडे आज जगभरच्या वर्गांत शिकवले जातात, आणि त्यांत विभागांना नुसती अक्षरं दिलेली आहेत. 'ए' विभागात पुरुषांना ६२ टक्के प्रवेश मिळाला, महिलांना ८२ टक्के. 'बी'मध्ये ६३ आणि ६८. 'डी'मध्ये ३३ आणि ३५. 'एफ'मध्ये ६ आणि ७. फक्त 'सी' आणि 'ई' या दोन विभागांत पुरुषांचं प्रमाण थोडं जास्त होतं. म्हणजे सहापैकी चार विभागांत महिला पुढे, आणि बेरीज केली की मागे.

हे झालं कसं? कोणी कुठे अर्ज केला ते पाहा. 'ए' आणि 'बी' या विभागांत प्रवेश सहज मिळत होता. या सहा विभागांतल्या पुरुष अर्जदारांपैकी निम्म्याहून जास्त जण याच दोन विभागांत होते. महिलांपैकी तिथे जेमतेम ७ टक्के होत्या. बाकीच्या महिलांनी जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड होता तिथे अर्ज केले होते. बिकल, हॅमेल आणि ओ'कॉनेल यांनी हे विश्लेषण १९७५ मध्ये प्रसिद्ध केलं. अशा उलटापालटीला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

यात टक्केवारी आणि बेरीज यांच्यापलीकडचं गणित नाही. अवघड आहे ते 'कशाने वेगळं करून पाहायचं' हे ठरवणं, आणि ते कोणतंही सूत्र सांगत नाही. प्रवेश कोण देतं, अर्ज कसे येतात, हे माहीत असलेल्या माणसालाच ते सुचतं. आणि विश्लेषण इथे संपतही नाही. महिला अवघड विभागांकडेच का वळल्या, त्यांना आधीच्या शिक्षणात कोणत्या वाटा बंद होत्या, हा पुढचा प्रश्न उभाच राहतो. विभागांनी भेदभाव केला नाही म्हणजे समाजाने केला नाही, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

## 'संख्याशास्त्राने सिद्ध झालं' म्हणजे काय?

बातम्यांत हे वाक्य सारखं येतं. त्यामागे बहुधा एक आकडा असतो, पी-व्हॅल्यू. काहीच वेगळं घडत नाहीये असं धरलं, तर हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू.

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये मांडलेला एक प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असा एका बाईंचा दावा. त्यांच्यापुढे आठ कप ठेवायचे. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. त्यांनी दूध आधी ओतलेले चार कप ओळखायचे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे काहीही कळत नसताना नुसत्या अंदाजाने सगळे कप ओळखण्याची शक्यता ७० त १, सुमारे १.४ टक्के. एवढं जमलं तर दाव्याकडे गंभीरपणे पाहावं लागेल. पण चारपैकी तीन बरोबर आले तर? तसे १६ प्रकार होतात. पूर्ण बरोबर असलेला एक धरून ७० त १७, म्हणजे सुमारे २४ टक्के. चारपैकी तीन ऐकायला चांगले वाटतात, पण पुरावा म्हणून फारच कच्चे.

आता या आकड्याचा नेहमीचा गैरवापर पाहा. पी-व्हॅल्यू ५ टक्क्यांच्या खाली आली की निष्कर्ष खरा, असा एक पायंडा पडला आहे. कोणी वीस निरनिराळ्या गोष्टी तपासल्या आणि त्यांतल्या एकीतही काही तथ्य नसलं, तरी किमान एक चाचणी ५ टक्क्यांच्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. ती एकच छापली आणि एकोणीस गाळल्या की 'संशोधनाने सिद्ध' अशी बातमी तयार होते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये या आकड्याच्या वापराबद्दल खास निवेदन काढावं लागलं. पी-व्हॅल्यू म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता नव्हे, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

## पण हे सगळं यंत्र करतंच की!

आकडेमोड करतं, आणि माणसापेक्षा चांगली करतं. आता सिद्धताही लिहू लागलं आहे, हे मान्यच करायला हवं. पण ऑलिंपियाडच्या त्या पाच उत्तरांना गुण कोणी दिले? परीक्षकांनी, सिद्धता वाचून. सिद्धता वाचून तिच्यात भोक आहे का हे सांगणारा माणूस त्या टेबलापाशी लागलाच. यंत्राच्या चुकीच्या सिद्धताही बरोबर असलेल्या सिद्धतांसारख्याच आत्मविश्वासाने लिहिलेल्या असतात, त्यामुळे असं वाचता येणाऱ्यांची गरज वाढणार आहे. दुसरं असं की ऑलिंपियाडचा प्रश्न नीट मांडून दिलेला असतो. बर्कलीच्या आकडेवारीसारख्या कामात प्रश्न मांडणं हेच काम असतं.

विद्यार्थ्याला मात्र एक धोका खरा आहे. घरी सोडवायला दिलेली सिद्धता यंत्राकडून लिहून घेतली, तर ती वाचताना सगळं पटतं आणि परीक्षेत कोऱ्या कागदासमोर काहीच सुचत नाही. आधी स्वतः पुरेसं अडकावं, दोन-तीन वाटा करून पाहाव्यात, आणि मग हवं तर यंत्राला विचारावं. अडकलेल्या वेळातच विषय डोक्यात बसतो.

## डेटा सायन्सचा छोटा कोर्स पुरणार नाही का?

काही कामांना पुरेल. साधनं शिकायला ते कोर्स चांगले असतात, आणि पदवीच्या विद्यार्थ्यानेही पायथन किंवा 'आर' ही संगणकाची भाषा शिकायलाच हवी. पण रिग्रेशन, म्हणजे आकड्यांना सर्वांत जुळणारी रेषा काढणं, चालवायला संगणकावर एक ओळ पुरते. ते कोणती गृहीतकं धरून चालतं, ती मोडली तर उत्तर कोणत्या बाजूला झुकेल, आणि दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरते का, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. विमा कंपन्यांत जोखमीचं गणित मांडणारे ॲक्च्युअरी, औषधांच्या चाचण्या आखणारे बायोस्टॅटिस्टिशियन, जनगणना आणि सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, बँकांतले जोखीम मोजणारे विभाग हे अशाच जाणकारीसाठी माणसं घेतात. त्यांतल्या अनेक जागांना पदवीनंतरचं शिक्षण किंवा वेगळ्या परीक्षा लागतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. डोळे झाकून घेण्यासारखी ही पदवी नाही.

## यासाठी फार हुशार असावं लागतं का?

शाळेत नेहमी पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही पहिल्या सत्रात चाचपडतात, कारण तिथे वेगाला मोल होतं आणि इथे सबुरीला आहे. याबाबत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. १९४४ मध्ये तरुण सी. आर. राव कोलकात्यात संख्याशास्त्र शिकवत होते. अंदाज किती अचूक असू शकतो याबद्दलचा, नमुना खूप मोठा असतानाच लागू पडणारा फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी वर्गात सांगितला. एका विद्यार्थ्याने विचारलं: नमुना लहान असेल तर असंच काही म्हणता येईल का? त्या प्रश्नातून १९४५ चा निबंध आला, आणि त्यातलं सूत्र आज क्रामर-राव असमानता म्हणून जगभर शिकवलं जातं. विचारणारे विद्यार्थी होते वि. म. दांडेकर, पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून नावाजलेले. अशा प्रश्नाला असामान्य बुद्धी लागतेच असं नाही. सांगितलेल्या प्रमेयातली अट नीट ऐकावी लागते, आणि ती काढली तर काय होईल हे विचारण्याचं धाडस लागतं.

## अभ्यास करायचा कसा?

गणितात व्याख्या शब्दशः यायला हवी. 'साधारण असं काहीतरी' इथे चालत नाही, हे लिमिटच्या उदाहरणात दिसलंच. प्रत्येक व्याख्येत बसणारं एक उदाहरण आणि थोडक्यात हुकणारं एक उदाहरण स्वतः शोधावं. प्रमेय वाचलं की त्यातली एकेक अट झाकावी आणि सिद्धता कोणत्या ओळीवर कोसळते ते पाहावं. पुस्तक मिटून सिद्धता पुन्हा लिहावी, आणि जिथे हात थांबतो तिथेच पुन्हा जावं.

संख्याशास्त्रात सूत्राला हात लावण्याआधी आकड्यांचा आलेख काढावा. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये यासाठी चार छोटे आकडेसंच तयार केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत आडव्या अक्षावरच्या आकड्यांची सरासरी ९, उभ्या अक्षावरच्यांची सुमारे ७.५, दोहोंचा सहसंबंध, म्हणजे ते किती एकत्र बदलतात याचं माप, सुमारे ०.८२, आणि त्यांतून जाणारी रिग्रेशनची रेषाही जवळजवळ एकच. तक्त्यात ते जुळे भाऊ दिसतात. आलेख काढला की पहिल्यात बिंदू रेषेभोवती विखुरलेले दिसतात, दुसऱ्यात स्पष्ट वक्र दिसतो, तिसऱ्यात एक भरकटलेला बिंदू रेषेला ओढत असतो. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत, ८ वर, रचलेले असतात आणि एकटा बिंदू दूर १९ वर असतो. तो एक काढला तर रेषा मांडायला आधारच उरत नाही. हे आकडे इंटरनेटवर सहज मिळतात. एकूण ४४ बिंदू होतात. विषय घ्यायचा की नाही या विचारात असाल, तर ते चारही आलेख आधी कागदावर हाताने काढून पाहा.